टिंगीच्या घराला भोक

एक होती गोगलगाय. नाव तिचं टिंगी.
पाठीवर तिचं घर. कुलूप नाही, किल्ली नाही. आत शिरलं की झालं!

एकदा टिंगी पपईच्या झाडावरून घसरली.
सुर्रर्र... टक्क!
घराला पडलं भोक. भोकातून आला वारा.
फू! फू!
"अगं बाई! पाठीला गार लागतंय. आता मी झोपू कशी?"

टिंगीचं घर चुन्याचं. चुना असतो मातीत.
निघाली टिंगी. सुळू सुळू. सुळू सुळू.
किती वेळ लागला, विचारू नका. मी कोपऱ्यावर भाजी आणायला जाते ना, तेवढा!

"मातीमावशी, मातीमावशी, चिमूटभर चुना दे ना!
मग भोक बुजेल.
मग झोप येईल."

मातीमावशी म्हणाली, "देईन गं. पण आधी मोठ्यांना विचारावं. माझ्याहून मोठा दगडमामा. जा, त्याला विचार."

सुळू सुळू. सुळू सुळू.

"दगडमामा, दगडमामा, हो म्हण ना!
मग मावशी चुना देईल.
मग भोक बुजेल.
मग झोप येईल."

दगडमामा म्हणाला, "म्हणेन की. पण आधी मोठ्यांना विचारावं. माझ्याहून मोठी पृथ्वीआजी. जा, तिला विचार."

पृथ्वीआजी कुठे? पोटाखालीच! एवढी मोठी, की कुठूनही हाक मारा.

"पृथ्वीआजी, पृथ्वीआजी, हो म्हण ना!
मग मामा हो म्हणेल.
मग मावशी चुना देईल.
मग भोक बुजेल.
मग झोप येईल."

आजी गरगर फिरत होती. फिरता फिरता म्हणाली, "म्हणेन गं बाळा. पण आधी मोठ्यांना विचारावं. माझ्याहून मोठे सूर्यआजोबा. जा, त्यांना विचार."

आता सूर्य लांब, नि टिंगी हळू. काय करावं?
टिंगी चढली कुंपणावर. सुळू सुळू. सुळू सुळू.
आजोबा निघालेच होते डोंगरामागे.

"सूर्यआजोबा, सूर्यआजोबा, थांबा! हो म्हणा ना!
मग आजी हो म्हणेल.
मग मामा हो म्हणेल.
मग मावशी चुना देईल.
मग भोक बुजेल.
मग झोप येईल."

आजोबा हसले. "मी कसला मोठा! मी एक तारा. माझ्याहून म्हातारे तारे आहेत वर. मी गेलो की एक तांबडा दिसेल ना? ते तारापणजोबा. जा, त्यांना विचार."
आणि आजोबा गेले. बुडुक!

वर तारा चमकला. लुक लुक. लुक लुक.

"तारापणजोबा, तारापणजोबा, हो म्हणा ना!
मग आजोबा हो म्हणतील.
मग आजी हो म्हणेल.
मग मामा हो म्हणेल.
मग मावशी चुना देईल.
मग भोक बुजेल.
मग झोप येईल!"
दम लागला हो टिंगीला. मलाही लागला.

पणजोबा म्हणाले, "चुना होय? तो आम्हा ताऱ्यांच्याच पोटात शिजला. मग माझे थोरले भाऊ फुटले. धडाम! धूळ उडाली. त्या धुळीत होता तुझा चुना."
"मग म्हणा ना हो!"
"थांब गं. आधी मोठ्यांना विचारावं. माझ्याहून मोठी सुरुवात."
"ती कोण?"
"सगळं जग आधी चिमुकलं होतं. गरम गरम! मग ते फुगलं, फुगलं, फुगलं. ती सुरुवात. तिच्याहून मोठं कोणी नाही."
"राहते कुठे?"
"सगळीकडे. तुझ्या घरातसुद्धा."

टिंगीने डोकं आत घातलं. टुपुक!
"सुरुवातबाई, सुरुवातबाई, हो म्हणा ना!"
कोणी बोललं नाही.
"अहो, आहे का कोणी?"
कोणीच नाही. आत आपली टिंगीच.
"अगं बाई! म्हणजे मीच की काय?"
मग टिंगी मोठ्याने म्हणाली, "हो!"

पणजोबा लुकलुकले, "हो!"
आजोबा डोंगरामागून म्हणाले, "हो!"
आजी गरगरली, "हो!"
मामा म्हणाला, "हो!"
मावशीने चुना दिला.
टिंगीने खाल्ला. कुरूम कुरूम. कुरूम कुरूम.
हळू हळू भोक बुजलं. वर बसलं पांढरं ठिगळ.

इतक्यात आली एक मुंगी. कुडकुडत.
"टिंगीताई, टिंगीताई, तुझ्या घराच्या आडोशाला बसू?"
टिंगी म्हणाली, "बस की. पण आधी मोठ्यां..."
आणि तिने जीभ चावली.
"बस गं बाई, बस! मोठ्यांना सगळ्यांना मी विचारून आलेय!"

मुंगी बसली. टिंगी झोपली.
वर तारा लुक लुक. लुक लुक.
गोष्ट शिरली शंखात, तुम्ही शिरा पांघरुणात!