केसोपंतांची धुळपाटी

फार फार वर्षांपूर्वीची, दगडी पाटीसुद्धा गावात पोचली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा पोरं धुळपाटीवर लिहीत. लाकडाची फळी मांडीवर घ्यायची, तिच्यावर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं. शेजाऱ्याचा नुसता गुडघा लागला तरी काढलेलं अक्षर पुसून जायचं.

आमच्या शेवरखेडची शाळा तेव्हा देवळाच्या ओवरीत भरत असे. शिकवायला होते केसोपंत पंतोजी. अक्षर असं की मोत्यांनी लाजावं, आणि राग असा की विचारू नका! त्यांची छडी फिरली की देवळावरची कबुतरं उडत, असं म्हणतात.

पण पोरंही काही कमी नव्हती. त्यांची म्होरकी होती हरबा कुंभाराची ठकी. मुली तेव्हा शाळेत येत नसत; ही धाकट्या भावाला, सदूला, पोचवायला यायची आणि तिथंच ठिय्या मारायची. याची फळी लाथेनं उडव, त्याच्या मानेवर धूळ ओत, एवढंच तिचं काम. मग केसोपंत उठत, रांगेतल्या सगळ्यांना झोडपत आणि घाम पुसत खाली बसत. दोन वर्षं झाली, तरी एकही पोर ‘ग म भ न’च्या पुढं सरकेना.

शेवटी पाटील म्हणाले, “पंतोजी, दसऱ्याला पाटीपूजन हाय. एका तरी पोरानं समद्यांच्या देखत सबंध बाराखडी लिवून दावावी. न्हाईतर ओवरीत कडबा भरतो.”

केसोपंतांनी मनाशी म्हटलं, आपण गेलो तर जाऊ, पण गावातली शाळा गेली तर ही पोरं जन्मभर अंगठेबहाद्दर राहतील! त्यांनी छडी दुप्पट चालवली. आता ओवरीत चिडीचूप शांतता असे. पंतोजींना वाटलं, जिंकलं. त्यांनी फळ्या पाहिल्या, तर एकीवरही धड अक्षर नव्हतं. सगळ्यात वाईट गत सदूची. छडी जवळ आली की त्याच्या ‘ग’चे तुकडे होत.

“ठोंबे आहात सगळे!” पंतोजी ओरडले.

तेव्हा ठकी उभी राहिली. “ठोंबे न्हाईत, पंतोजी. चाक हाललं तर मडकं मोडतं, अन् बाचा हात थरथरला तरी बी मोडतं. आमी दंगा केला की अक्षर मोडतंय, अन् तुमची छडी दिसली की बी मोडतंय.”

केसोपंतांनी छडी उगारली. उगारलेली छडी तशीच वर राहिली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती छडी त्यांनी त्याच दिवशी हरबाच्या मडकी भाजायच्या आव्यात जाळली. त्या आव्यातलं एकही मडकं पुढं शंभर वर्षं फुटलं नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून पोरांच्या जोड्या झाल्या. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं दोन्ही हातांनी फळी धरायची. अक्षर मोडलं तर दोघांनी मिळून धूळ सारखी करायची. मार नाही, शिवी नाही. आणि सदूची फळी धरायला पंतोजींनी मुद्दाम ठकीला बसवलं! पहिले काही दिवस तिचे पाय नुसते शिवशिवत. मग सदूचा ‘ग’ उभा राहिला, आणि पोरगी हरखून गेली.

दसऱ्याला सारा गाव जमला. सदू लिहायला बसला, ठकीनं फळी धरली. अर्धी बाराखडी झाली आणि कुठूनशी वावटळ सुटली. पागोटी उडाली, पाटलांचं उपरणं कळसाला अडकलं. ठकी जागची हलली नाही, सदूचं बोट थांबलं नाही. वावटळ गेली तेव्हा फळीवरचा कणही हलला नव्हता, असं म्हणतात.

पाटील वाकून एकेक अक्षर वाचत गेले. मग गड्याला म्हणाले, “कडबा दुसरीकडं रच रं.”

आता शाळेला पक्क्या खोल्या आहेत, पण छडी अजून नाही. दर दसऱ्याला केसोपंतांच्या नावानं धुळपाटी निघते. गावातलं कुणीतरी ‘ग’ काढतं, आणि फळी धरायचा मान वर्गातल्या सगळ्यात वांड पोराला मिळतो. लहानपणी मी तो तीनदा मिळवला, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. कसले दिवस होते ते!

गेल्या दसऱ्याला ‘ग’ काढायला गावानं मला बसवलं. वयामुळं हात थरथरत होता, बोट धुळीला लावायचा धीर होईना. समोर फळी धरून बसली होती त्या वर्षीची वांड पोर, दोन दात पडलेली. ती हळूच म्हणाली, “काढा आजोबा, भिऊ नका. मी धरलीय.”

‘ग’ जरा वाकडा आला, पण मोडला नाही.