पाठ उघडी ठेवायची

समोरच्या बांधावर जांभळी फुलं दिसतात ना, ती दाढीवाली. वाकून बघा, खालच्या पाकळीवर पिवळी केसाळ दाढी आहे. आणि गड्डे असे निम्मे मातीबाहेर. पाहुणे विचारतात, बाबा, माती टाकायची राहिली का? राहिली नाही. त्याची गोष्ट आहे.

फार मागे इथल्या बंगल्यात गोंदा नावाचा माळी होता म्हणे. बंगल्याची मडम विलायतेला परतताना हे गड्डे त्याच्या ओंजळीत देऊन गेली. दोन पावसाळ्यांत निम्मे कुजले. मग गोंदाने उरलेले या बांधावर आणले, इथे पाणी थांबत नाही. मुळं मातीत, गड्ड्याची पाठ उन्हाला. पावसात वर गवताचं छप्पर. तिसऱ्या चैत्रात कमरेएवढा दांडा आला. त्याचा पाठचा भाऊ हरबा, तोही बघून हरखला, असं सांगतात.

पुढे बंगल्याला नवा मालक आला. त्याला मुख्य माळी नेमायचा होता. गोंदा जत्रेला गेला, तेवढ्यात हरबाने सगळे गड्डे उपटून बंगल्यात नेले. फूल मीच जगवलं, म्हणाला. जागा त्याला मिळाली.

गोंदा परतला तर बांध उकरलेला. तो बंगल्याच्या कुंपणाशी गेला.

"हरबा, माझी फुलं?"

"तुझी? तुझ्या बापाने आणली होती का विलायतेहून?"

"बाप एकच आहे रे आपला." गोंदाने कुंपणातून आतल्या वाफ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नेलीस तर नेलीस. पण पुरू नकोस. पाठ उघडी ठेव."

"म्हणजे वाळून मरतील! तुझ्या आळसाने माती वाहून गेली होती, दादा. मी नीट लावतोय."

आणि त्याने ते हळदीसारखे खोल पुरले.

श्रावणात सगळे कुजले. हरबाची जागाही गेली. बांधावर मात्र एका दगडाआड तुटका तुकडा राहिला होता. दोन वर्षांनी तो फुलला, पसरला. तेव्हा हरबा मान खाली घालून आला. "दादा, एक दे."

गोंदाने एक गड्डा बांधावर ठेवला. "पाठ उघडी ठेव," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्यानंतर तो भावाशी कधी बोलला नाही, असं म्हणतात.

आजही आम्ही गड्डा कुणाच्या हातात देत नाही. हा बघा, तुमच्यासाठी एक ठेवला. पाठ उघडी ठेवा. आता गोंदासारखा मीही तिकडे तोंड करतो. तुम्ही बांधावरून आणखी किती उचलता, ते बघणार नाही.