पानाचा वार

“हात थांबला, वस्ताद. का थांबला?”

वैजयंतानं दारातूनच विचारलं. चपला काढल्या नाहीत, आखाड्याच्या मातीला हात लावला नाही. आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

दस्तगीर वस्ताद ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

“कुठं थांबला?”

“तुम्ही शिकवलंत तिथंच. बोटभर अलीकडं.”

मी कोपऱ्यात लाठ्यांना तेल लावत बसलो होतो. मी भैरू. माझं सायकलचं दुकान आहे, पण चाळीस वर्षं माझी सकाळ या आखाड्यातच जाते. पोरीचा सूर ऐकला आणि म्हटलं, झालं, ही भांडायला आली. वस्तादांशी असं कुणी बोलत नाही. मीसुद्धा नाही.

आमच्याकडची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या आखाड्यात लाठी शिकणाऱ्याला सगळ्यांत शेवटी पानाचा वार शिकवतात. समोर एक माणूस उभा करायचा. त्याच्या कपाळाला ओलं विड्याचं पान चिकटवायचं. लाठी पूर्ण ताकदीनं आणायची आणि बोटभर अलीकडं रोखायची. वाऱ्यानं पान हललं पाहिजे, माणसाला लागता कामा नये. लोकांना पाच-सहा वर्षं लागतात. वैजूनं दोन वर्षांत केलं. मिरवणुकीत तिच्यासमोर पान लावून मीच उभा राहायचो, आणि डोळे उघडे ठेवून. गर्दी श्वास रोखायची. पोरीला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

नवीन आलेला प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच. बाहेर कुणी अंगावर आलं तर काय करायचं? वस्तादांचं उत्तर ठरलेलं. आधी पळ. पळता येत नसेल तर ओरड. ओरडूनही भागलं नाही तर हातावर मार, डोक्यावर कधीच नाही. ज्याला थांबता येतं तोच खरा लाठीवाला. आम्ही हे पाढ्यासारखं म्हणायचो. मीच किती पोरांकडून म्हणून घेतलं असेल.

“नीट सांग,” वस्ताद म्हणाले. “काय झालं?”

“शनिवारी बाजारात बाबांना मारलं. तिघांनी.”

तिचे वडील दत्तोबा कुंभार. आठवडी बाजारात चिंचेखाली माठ, चुली, पणत्या मांडून बसतात. तीस वर्षं तीच जागा. दोन महिन्यांपासून मोबाईलची कव्हरं विकणारे तिघं भाऊ त्या जागेवर डोळा ठेवून होते, हे मलाही ठाऊक होतं. नुसती तोंडातोंडी होईल आणि मिटेल, असं वाटलं होतं सगळ्यांना.

“माठ फोडले आधी,” ती म्हणाली. “बाबा आडवे गेले तर त्यांना ढकललं.”

“पळालीस?”

“बाबा खाली पडले होते, वस्ताद. त्यांना टाकून पळू?”

“ओरडलीस?”

“भरला बाजार होता की! सगळ्यांना ऐकू गेलं. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या आणि परत खाली बसल्या. एकानं मोबाईल काढला.”

“…मग?”

“मग पालाची काठी उपसली. थोरल्याच्या हातात लोखंडी गज होता. तुम्ही सांगितलंय तसं, डोक्याकडं बघितलंसुद्धा नाही. मनगटावर वार आणला. पुऱ्या ताकदीनं आणला.” तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं. “बोटभर अलीकडं थांबला. मी थांबवला नाही, वस्ताद. आपणहून थांबला.”

“परत मारायचं!” मी मध्येच बोललो.

“मारलं की, भैरूकाका! दुसऱ्यांदा तर नियमही मोडला. डोक्यावरच आणली. त्याचे केस हलले. नुसते केस हलले! त्यानं डोळे गच्च मिटले होते, बघा. मग एक डोळा उघडला, आणि हसला. म्हणाला, ‘खेळतीयस व्हय?’”

…

“आणि तो गज त्यानं बाबांच्या तोंडावर घातला. मी समोर उभी. माझ्या हातात काठी.”

दत्तोबांचा एक डोळा गेला. जबडा तारेनं बांधलाय. हे तिनं सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, ते तिघं जामिनावर सुटून घरीही आले, आणि आम्ही इकडं लाठ्यांना तेल लावत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

बशीतल्या चहावर साय धरली.

“परवा शनिवार आहे,” वैजू म्हणाली. “बाबांना बोलता येत नाही. पाटीवर लिहून दाखवलं, जागा सोडू नको. एक बाजार रिकामी राहिली की जागा गेली, तुम्हाला माहितीय. मी आणि आई जाणार. ते पण येणार. मला न थांबणारा हात द्या, वस्ताद. दोन दिवसांत द्या. नाहीतर सरळ सांगा की आठ वर्षं मी नाच शिकत होते.”

“वैजू, तोंड सांभाळ!” मी उठलोच.

“भैरू, गप.” वस्तादांनी माझ्याकडं बघितलंही नाही. “ती बरोबर बोलतीय.”

मी बसलो. आयला, काय बोलणार?

“घाटात तुम्ही चौघांना लोळवलंत,” ती म्हणाली. “तेव्हा तुमचा हात कसा नाही थांबला? मला तेवढंच सांगा. दुसरं काही नको.”

ही घाटाची गोष्ट आमच्या पेठेत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वस्ताद विशीतले, सायकलवरून एकटे येत होते, चार वाटमारे आडवे आले, चौघांनाही घाटात लोळवलं. मी ती हजारदा सांगितली असेल. सांगताना छाती फुगायची माझी.

वस्तादांनी चहाची बशी बाजूला सारली.

“चौघे होते, ते खरं आहे.”

“मग?”

“मी पळालो.”

…

“सायकल टाकली. लाठी टाकली. करवंदीच्या जाळीत शिरलो आणि पार दिवस बुडेपर्यंत तिथंच बसून राहिलो. गोष्ट माझ्या वस्तादांनी उठवली, आखाड्यात पोरं यावीत म्हणून. मी खोडून काढली नाही.”

“म्हणजे…”

“म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, वैजू. लाठी माणसाला लागते म्हणजे काय होतं, मला ठाऊक नाही. मी कुणाला कधी मारलेलंच नाही. मला पळता आलं म्हणून पळालो. तुला पळता आलं नाही. त्याच्या पुढचं मला येत नाही, पोरी. मला येत नाही ते तुला कुठून देऊ?”

चाळीस वर्षं! मी कुणाच्या पाया पडत होतो? वाटलं, तेलाची वाटी फेकावी आणि दुकानावर निघून जावं. पण बसून राहिलो.

वैजू चपलांसकट मातीत बसली. आली तेव्हापासून ती रडली नव्हती. आता रडली, अगदी लहान पोरीसारखी हुंदके देत.

“मग मी कुणाला विचारू?” ती म्हणाली. “कुणाला विचारू, सांगा की. बाबांना विचारू?”



वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकत माझ्याजवळ आले. माझ्या पुढ्यातल्या लाठ्यांतून त्यांनी सगळ्यांत जड निवडली आणि नेऊन तिच्या हातात दिली.

“ऊठ.”

ती उठली. वस्ताद तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उजवा हात सरळ पुढं धरला. हाडावर नुसती कातडी उरलीय आता त्यांच्या.

“मनगटावर मार.”

“तुम्हाला?”

“इथं दुसरं कोण आहे? भैरूला मारायचंय?”

तिनं डोळे पुसले. पवित्रा घेतला. लाठी भिरभिरत आली आणि मनगटाच्या बोटभर वर थांबली. वस्तादांच्या हातावरचे पांढरे केस तेवढे हलले.

“परत.”

परत आली. परत थांबली.

“तो गज उचलतोय, वैजू. दत्तोबा खाली पडलाय. मार.”

“येत नाही!”

“मार म्हणतो ना!”

“आत काहीतरी धरतंय, वस्ताद! मी धरत नाही, ते आपणच धरतंय!”

“मार!”

तिनं मोठ्यानं किंचाळून लाठी आणली. इतक्या जोरानं तिनं मिरवणुकीतही कधी आणली नव्हती. मला दिसलं, तिचा खांदा अडला. याही वेळी लाठी थांबणार होती.

वस्तादांनी हात वर उचलून लाठीत घातला.

आवाज झाला. तो कसा होता ते मी सांगणार नाही. अजून जेवताना कधी मध्येच आठवतो आणि घास ठेवून उठावं लागतं.

“या अल्लाह,” वस्ताद हळूच म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसले.

वैजूनं लाठी टाकली. ती त्यांच्यापुढं कोसळलीच. मी धावलो. मनगटाच्या वर हात वाकडा झाला होता. मी खांद्यावरचा पंचा फाडला, बांबूच्या दोन कामट्या लावल्या, बांधायला लागलो. तोंडानं शिव्या चालू होत्या. कुणाला देत होतो, देव जाणे. वस्तादांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण हूं की चूं नाही.

“काय केलंत हे? काय केलंत?” वैजू म्हणत होती. “मी थांबवली होती! थांबत होती ती! तुम्ही पुढं आलात!”

“होय.”

“मग मी नाही मारलं! मी नाही मारलं, वस्ताद!”

“…आवाज ऐकलास?”

तिनं मान फिरवली.

“ऐकलास का?”

“ऐकला.”

“मीही आजच ऐकला,” ते म्हणाले. “चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.”

बाहेर पाण्याचा टँकर आला होता. बायका घागरी घेऊन पळत होत्या. कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. आत आम्ही तिघं.

“चला, उठा,” मी म्हटलं. “दवाखान्यात चला आधी. बाकीचं नंतर बघू.”

वस्ताद उठेनात. ते तिच्याकडं बघत होते.

वैजूनं स्वतःचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. लाठीचं तेल लागलं होतं ते पदराला पुसलं. परत पुसलं. मग अगदी बारीक आवाजात बोलली. आल्यापासूनचा सगळा ताठा गेला होता.

“शनिवारी तो समोर आला की मला हाच आवाज ऐकू येणार. आधी हात थांबत तरी होता. आता तर वरच जायचा नाही.” तिनं मान हलवली. “तिथं आईच्या पुढं नुसती उभी राहीन मी. आईला मारतील ते. मी बघत उभी राहीन.”

मला वाटलं, संपलं. म्हाताऱ्याचा हात गेला, हातची पोरगीही गेली, आणि शनिवार काही टळत नाही. गावात आम्हाला वस्ताद म्हणतात, लाठीवाले म्हणतात. परवा सकाळी एक पोरगी आणि तिची आई माठ घेऊन त्या चिंचेखाली बसणार आणि आमच्यापाशी त्यांना द्यायला काही नाही. एवढं वाईट मला माझा बाप गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

“काय करू, वस्ताद?” तिनं विचारलं. “आता तरी सांगा. काय करू?”

वस्तादांनी कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. मोडलेला हात छातीशी धरला. माझा आधार घेतला आणि उभे राहिले.

“उद्या शुक्रवार,” ते म्हणाले. “सकाळी लवकर ये. या वेळी मी हात पुढं घालणार नाही, तूच मारायचं… डावा अजून धड आहे.”