तबीची पहिली मूठ

ही गोष्ट आहे एका भांडखोर मुलीची. गोष्टीतल्या मुली कशा गुणी असतात, गोड गोड बोलतात, हे मलाही ठाऊक आहे. तबीथा गुणी होतीच हो, पण भांडायचीही कडाकडा. तिला सगळे तबी म्हणत.

डाळिंबाच्या बागेशेजारी तबीची इवलीशी झोपडी होती. बाबा नव्हते. आई बागेत मजुरी करायची, पण तिचा पाय मोडला आणि घरात खाण्याचे वांधे झाले. तरी एक गोष्ट चुकली नाही. वस्तीतल्या ख्रिस्ती घरांत चूल पेटवण्याआधी एक मूठ ज्वारी वेगळ्या मडक्यात टाकायची रीत होती. आधी मूठ, मग भाकरी! रविवारी ही सगळी मडकी चर्चच्या कोठीतल्या मोठ्या विणलेल्या कणगीत रिकामी व्हायची आणि गरजवंताला तिथून धान्य मिळायचं. तबीच्या घरालाही मिळायचं.

शेजारच्या झोपडीत ठकूमावशी राहायची. ती टोपल्या विणायची. तिला तापानं घेरलं होतं. अन्नाचा कण पोटात नाही, त्यामुळे अंगावर दूध नाही, आणि तिचं तान्हं बाळ रडून रडून निपचित पडलेलं. तबीची आई आपल्या वाट्यातली ज्वारी तिला देऊ लागली. हे चर्चचं धान्य सांभाळणाऱ्या पौलसकाकांना कळलं. कोठीची किल्ली काकांच्या कमरेला असायची.

"ठकूबाई आपल्या चर्चच्या मंडळीतली आहे का?" काका कडाडले. "आपलं धान्य बाहेर देता? मग आता तुम्हालाही मिळायचं नाही." आणि त्यांनी कोठीला कुलूप ठोकलं. दोन दिवस दोन्ही झोपड्यांत चूल पेटली नाही, तेव्हा तबी काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, ती कणगी कुणी विणली?" तबी ओरडली. "ठकूमावशीनंच ना? तिची कणगी चालते, मग तिची भूक का चालत नाही?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!"

"घास मिळाला तर घेईन ना!" असं म्हणून तबी पाय आपटत निघाली. बागेत शिरली आणि एका झाडाखाली बसून हमसाहमशी रडली. दोन दिवस तिच्याही पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात किणकिण किणकिण आवाज आला. वरच्या फांदीवरची लालचुटूक कळी हळूच उमलली आणि तिच्यातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. तिचा झगा डाळिंबाच्या पाकळ्यांचा, पंख झिरझिरीत सोनेरी, केसांत दवाचे चिमुकले थेंब, आणि पावलांत रुणझुणते इवले चाळ. ती हलली की लाल, केशरी, गुलाबी चमचम पानापानांवर सांडायची.

"रडू नकोस, सोनुले," परी म्हणाली. "मी डाळिंबपरी. तुला तीन वर देते. पण नियम नीट ऐक हं. आपल्यापुरतंच मागायचं. आपणच घ्यायचं. दुसऱ्याला कणभरही द्यायचं नाही. नियम मोडलास की सगळे वर गेले!"

तबीनं डोळे पुसले. पोटात काही पडलं तर जोर येईल आणि मग पौलसकाकांशी पुन्हा भांडता येईल, असा तिनं विचार केला.

"मला गरम गरम भाकरी दे," ती म्हणाली.

भाकरी आली! टम्म फुगलेली, पांढरीशुभ्र ज्वारीची, वर तुपाची धार आणि गुळाचा खडा. वास असा खमंग, की तबीच्या तोंडाला पाणीच सुटलं. तिनं भाकरीचा पहिला चतकोर मोडला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला.

"अगं अगं, हे काय करतेस?" परी किंचाळली.

तबीनं आपल्या हाताकडे पाहिलं. तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. जन्मापासून ती आईला रोज आधी मूठ बाजूला काढताना बघत आली होती, तसा हात आपोआप खिशाकडे गेला होता.

"बरं, एक चूक माफ," परी म्हणाली. "तो चतकोर तोंडात घाल बघू. अजून दोन वर आहेत तुझे. जरीच्या काठाचा लाल झगा हवाय ना? आणि कौलारू घर, पावसात न गळणारं?"

हवं होतं हो! तबीला ते फार फार हवं होतं. चतकोर तिनं खिशातून काढला, तोंडापर्यंत नेला. मग तिला त्या तान्ह्या बाळाचं मिटलेलं तोंड आठवलं.

"नाही खाणार, जा!" ती ताडकन उठली. "तू पण काकांसारखीच! माझी आई म्हणते, शेजारची चूल थंड असली की तिथं आपला येशूच उपाशी बसलेला असतो. मी त्याला उपाशी ठेवून झगा घालून मिरवू? घे तुझे वर परत. सगळे घे. भाकरी मात्र परत द्यायची नाही मी!"

आणि तिनं अख्खी भाकरी फ्रॉकच्या ओच्यात गुंडाळली.

परीच्या डोळ्यांत मोत्यांसारखं पाणी आलं, आणि ती खुदकन हसली.

"शंभर वर्षं या नियमानं मला या झाडाशी बांधून ठेवलंय, बाळे. आजवर आलेल्या सगळ्यांनी त्याला माना डोलावल्या. तो मोडून मला सोडवणारी तू पहिली! पळ आता, गरम आहे तोवर पळ!"

तबी धूम पळाली. तिनं ठकूमावशीला घास घास भरवला. आईला दिला, स्वतः खाल्ला, आणि भाकरी काही संपेना! संध्याकाळी बाळ दूध पिऊन गाढ झोपलं. घरी येऊन बघते तर मुठीचं मडकं ज्वारीनं शिगोशीग भरलेलं.

रविवारी तबीनं ते मडकं चर्चच्या कणगीत ओतलं. कणगी काठोकाठ भरली, तरी मडकं भरलेलंच.

"हे कुठून आणलंस, पोरी?" पौलसकाकांचे डोळे विस्फारले.

"ज्याला कुलूप नाही त्या मडक्यातून!"

इतक्यात दारात ठकूमावशी आली. कडेवर बाळ होतं आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. "कालच एक टोपली विकली, दादा. त्याची ज्वारी मिळाली," ती चाचरत म्हणाली. "आमच्यासारख्यांची मूठ चालंल का तुम्हाला?"

तबीनं कमरेवर हात ठेवले. भांडायची सगळी तयारी झाली होती.

पण पौलसकाका पुढे आले. त्यांनी कमरेची किल्ली काढून खिडकीत ठेवली, मान खाली घातली आणि ठकूमावशीपुढे दोन्ही हातांची ओंजळ केली. "चुकलो गं, बाई," ते म्हणाले. ज्वारीचे दाणे त्यांच्या ओंजळीत पडले.

वर घंटा आपोआप वाजली. तबीनं पाहिलं, तर घंटेवर डाळिंबपरी पाय हलवत बसली होती. तिनं तबीकडे बघून डोळा मिचकावला आणि लाल, केशरी, सोनेरी उजेडात ती विरून गेली. तिचे इवले चाळ तेवढे क्षणभर वाजत राहिले.

कोठीला पुन्हा कधी कुलूप लागलं नाही. आणि तबी? तिला थोडं चुकल्याचुकल्यासारखंच वाटलं. भांडणाची तिनं किती तयारी केली होती!