गेनबा इंजिन आणायला जातो

माणदेशातल्या एका गावात गेनबा नावाचा एक भोळा पाळणेवाला राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

गेनबाकडे आठ पाळण्यांचा आकाशपाळणा होता. जत्रा आली की तो सुटा करायचा, ट्रेलरवर रचायचा, ट्रेलर पिकअपच्या मागे जोडायचा आणि निघायचा. पण त्या साली शिमगा झाला आणि पिकअपच्या इंजिनानं जीव सोडला. दिलावर मिस्त्रीनं बोनेट उघडलं, आत बघितलं, परत लावलं. हे आता दुरुस्त व्हायचं नाही, दुसरं जुनं इंजिन आणून बसवा, असं त्यानं सांगून टाकलं.

पांगारखिंडीची जत्रा बारा दिवसांवर आली होती. तिथे देवळासमोरच्या चिंचेखाली पाळण्याची जागा असते. देवाची पालखी देवळाबाहेर पडायच्या आत पाळणा उभा राहिला, तर जागा आपली. नाही राहिला, तर पंच ती दुसऱ्याला देतात आणि मग जन्मात परत मिळत नाही. एकवीस वर्षं ती जागा गेनबाच्या घराकडे होती. यंदा बाजीराव घोलप नावाच्या माणसानं बारा पाळण्यांचा, दिव्यांच्या माळा लावलेला नवा पाळणा केला होता आणि त्याचा डोळा त्याच चिंचेवर होता. गेनबाची बायको हौसा हिला त्या काळजीनं अन्न गोड लागत नव्हतं. गेनबाला लागत होतं.

मिस्त्री शेजारचाच, पण त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. हौसाला पाळण्याचं रंगकाम उरकायचं होतं. तेव्हा तालुक्याच्या जुन्या बाजारात इंजिन बघायला गेनबालाच पाठवायचं ठरलं. इथे तुम्ही म्हणाल की हे चुकलंच. हो, चुकलंच.

निघताना हौसा म्हणाली, "आपला ट्रेलर जड हाय. इंजिन ट्रेलर वडतंय का, त्ये नीट बगा. बगितल्याबिगर घिऊ नका."

"बगतो," गेनबा म्हणाला.

जुन्या बाजारात हणमंतशेठचं दुकान. दुकान म्हणजे मोकळं आवार आणि त्यात रांगेनं मांडलेली इंजिनं. गेनबानं पहिल्या इंजिनाला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक शेठच्या हातगाड्याला बांधलं. मग तो बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "हं, चल."

इंजिन चाललं नाही. गेनबानं वाट बघितली. मग दोर सोडून दुसऱ्या इंजिनाला बांधला.

संध्याकाळच्या एसटीनं तो रिकाम्या हातानं घरी आला. "बारा तपासली," तो म्हणाला. "एकबी वडत न्हाय. एक जरासं हाललं, पर त्ये मीच चुकून ढकललं हुतं."

मिस्त्रीनं बाजेवर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. "अरं, इंजिन चालू करून बगायचं असतंय. आन् येक ध्यानात ठेव. त्ये थंड असतानाच चालू करून दाव म्हणायचं. काही लोक आधीच गरम करून ठेवत्यात, म्हंजी खोड कळत न्हाय. तवा पयला हात लावायचा. गरम लागलं की समजायचं, लबाडी हाय. घ्यायचं न्हाय."

"गरम ते घ्यायचं न्हाय," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा डोक्यावर चैत्राचं ऊन होतं. आवाराला छप्पर नव्हतं. गेनबानं पहिल्या इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. दुसऱ्याला लावला, मागे घेतला. असं करत तो पूर्ण रांग फिरून आला. बोटं लाल झाली होती. शेठला त्याची दया आली. त्यानं चहा मागवला. गेनबानं कपाला बोट लावलं, शेठकडे रोखून बघितलं आणि कप तसाच ठेवून निघाला.

घरी येऊन म्हणाला, "हणमंतशेठ लई लबाड मानूस. झाडून सगळी इंजिनं गरम करून ठेवलीत. च्यासुदिक."

हौसानं हातातला ब्रश खाली ठेवला. तिला हसू आलं, पण ते गालातच राहिलं, कारण जत्रेला आता दहाच दिवस उरले होते.

"उनानं तापली असतील," ती म्हणाली. "आता आसं करा. हात लावू नका. शेठला इचारा, ह्ये इंजिन आदी कुणाकडं हुतं आन् त्यानं किती राबवलं. लई राबवल्यालं घिऊ नका. कमी राबल्यालं बगा."

"कमी राबल्यालं," गेनबा म्हणाला.

तो पुन्हा गेला. शेठनं त्याला लांबूनच ओळखलं आणि हातगाडा आत नेऊन ठेवला. गेनबानं प्रत्येक इंजिनाचा इतिहास विचारला. हे भाजीच्या गाडीतलं, आठ वर्षं राबलं. हे दुधाच्या गाडीतलं, सहा वर्षं. हे वाळूच्या गाडीतलं, त्याचं विचारूच नका. गेनबा प्रत्येकाला मान हलवत पुढे जात होता. "येक दिवस बी राबलं न्हाय, आसं न्हाय का कुठलं?"

शेठ वैतागला होता. त्यानं कोपऱ्यात बोट दाखवलं. "त्ये एक हाय. पर त्ये तुमच्या कामाचं न्हाय, पाव्हणं. मोटार शिकवायच्या शाळेतलं हाय. पोरांना दावायला ठेवलं हुतं. जल्मात येकदा बी चालू झालं न्हाय."

गेनबाचा चेहरा उजळला. शेठनं चार वेळा नको म्हणून सांगितलं. विकणारा नको म्हणतोय, म्हणजे माल चांगला आहे आणि त्याला सोडवत नाही, असं गेनबानं ओळखलं. त्यानं इंजिन टेंपोत घातलं आणि घरी आणलं.

मिस्त्रीनं टेंपोत डोकावून बघितलं. इंजिन सुंदर होतं. काही भाग लाल, काही निळा, काही पिवळा. एका बाजूनं ते उभं कापलेलं होतं, आतले पिस्टन पोरांना दिसावेत म्हणून.

"गेनबा," मिस्त्री म्हणाला, "ह्ये अर्दं हाय."

"आतलं समदं दिसतंय," गेनबा म्हणाला. "फसवायला जागाच न्हाय."

हौसा तिथेच जोत्यावर बसली. तिला रडावंसं वाटलं. पण रडत बसलं तर रंग वाळून ब्रश कडक होतो, म्हणून ती उठली.

"बदलून आणा," ती म्हणाली. "वडायचं काम हाय, वज्जं हाय, घाट हाय. दम पायजे इंजिनात. जोर बगा, जोर."

गेनबा अर्धं इंजिन घेऊन गेला. हणमंतशेठ भला माणूस, त्यानं ते परत घेतलं. वर सांगितलं की आता दुसरं कोणतंही न्या, पण एकदाच काय ते न्या.

संध्याकाळी गावाच्या वेशीतून ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत एक काळा डोंगर होता आणि डोंगरावर गेनबा बसला होता. रस्ता दाबायच्या रोलरचं ते इंजिन. अख्खं गाव बघायला जमलं.

मिस्त्रीनं आधी इंजिनाकडे बघितलं, मग पिकअपकडे. "ह्ये त्यात कसं मावंल रं?"

गेनबानं याचा विचार वाटेतच केला होता. "इंजिन पिकअपमदी मावत नसंल," तो म्हणाला, "तर पिकअप इंजिनामदी बसवू."

ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, उतरवायचं का. हौसा म्हणाली, नको, तसंच शेठकडे परत न्या. दुसऱ्या दिवशी तिनं मिस्त्रीला बाजेसकट टेंपोत घातलं, स्वतः शेजारी बसली आणि बाजार गाठला. गेनबाला घरी रंगाच्या डब्याजवळ बसवून ठेवलं आणि डब्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मिस्त्रीनं बाजेवरूनच अर्ध्या तासात वाळूच्या गाडीतलं इंजिन निवडलं. राबलेलं होतं, पण ओझं ओढायची त्याला सवय होती आणि थंड असतानाही ते पहिल्या किल्लीत उठलं. बसल्या जागेवरून सांगत त्यानं ते बसवून घेतलं, त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी गेनबानं ट्रेलर जोडून गावाभोवती तीन फेऱ्या मारल्या. इंजिन गुमान ओढत होतं. हौसा त्या रात्री पोटभर जेवली.

जत्रेच्या दिवशी पहाटेच ती एसटीनं पुढे निघाली. घोलपनं आधीच पथारी टाकू नये म्हणून चिंचेखाली जाऊन बसणं भाग होतं. निघताना तिनं नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. "गाडी चालवताना फोन घिऊ नका. आन् थांबलात की पयला पाळणा उभा करा, मग च्या-पाणी, फोन, काय ते. पालखीच्या आदी उभा ऱ्हायला पायजे."

मिस्त्रीनं एकच सांगितली. "घाटाचा चढ लागला की मदी थांबायचं न्हाय. भरल्याला ट्रेलर हाय, चढावर थांबलास तर मागं खेचंल. सपाट लागंल तितंच थांब."

यात चूक कुणाची नव्हती. सल्ला चांगला होता. फक्त पांगारखिंड हे गाव घाटाच्या बरोबर मध्यावर आहे, आणि तिथल्या चिंचेजवळ दगड लावून गाडी थांबवतात, हे सांगायची गरज एकवीस वर्षांत कुणाला पडली नव्हती.

हौसा चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून बसली होती. समोर बाजीराव घोलपची माणसं नव्या पाळण्याच्या गाडीवर बसून शेंगा खात होती. नऊच्या सुमाराला खालच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला. दमदार, एकसारखा. हौसा ताडकन उठली. तिनं पदर खोचला, चाकाला लावायला दोन मोठे दगड उचलून आणले. पंचांनी माना डोलावल्या. घोलपची माणसं शेंगा खायची थांबली.

पिकअप वळणावरून वर आली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर ताज्या रंगाचा पाळणा. गेनबानं गाव ओळखलं. चिंच ओळखली. हौसा ओळखली आणि तिला हातही केला. पण चढ संपला नव्हता.

"अवो थांबा," हौसा ओरडली.

"चढ हाय अजून," गेनबा खिडकीतून म्हणाला आणि पुढे गेला.

माणसं गाडीच्या मागे धावली. पण मिस्त्रीनं निवडलेलं इंजिन होतं ते, माणसांच्या हाती लागतंय होय. ट्रेलर वरच्या वळणाआड गेला. हौसानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे गेनबाला सांगितलेलं होतं आणि तो सांगितलेलं पाळायचा.

दहा वाजले. अकरा वाजले. वर गेलेला माणूस कधीतरी वळून खाली येईल, या आशेवर हौसा दोन्ही दगड पायाशी घेऊन रस्त्याकडे बघत राहिली. पंचांनी एकदा पाण्याचा तांब्या पाठवला. तिनं तो न पिताच बाजूला ठेवला. घोलपच्या लोकांनी हळूच आपली गाडी चिंचेच्या जवळ आणली आणि दोर सोडायला घेतले. देवळात ढोल सुरू झाला. पालखी उचलायची वेळ झाली होती.

आणि फोन वाजला.

"हौसे," गेनबाचा आवाज आनंदानं फुलला होता. "पाळणा उभा केला बग. दोन मेंढपाळ हुते, त्यांनी हात दिला. पालखी निगाली न्हाय न्हवं अजून?"

हौसानं डोळे मिटले. "कुटं उभा केलाय?"

"पार वर, पठारावर. पयलं सपाट लागलं तितंच थांबलो. चिंचंपेक्षा झकास जागा हाय. ऐसपैस. आन् आपलं नशीब बग, गर्दी तर आजाबात न्हाय."