न तडकणारी शाई

“यात एक तरी तडा दाखवता, चाचा?”

शाल्मलीने तबला त्यांच्या पुढ्यात ठेवला. वरच्या चामडी पुडीच्या मधोमध काळ्या शाईचे वर्तुळ. आरशासारखे गुळगुळीत.

दस्तगीरचाचांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले.

“नाही,” ते म्हणाले. “एकही नाही.”

मिरजेच्या त्या गल्लीत पन्नास वर्षे ते तबल्यांवर शाई भरत आले होते. लोखंडाचा भुगा तांदळाच्या खळीत कालवायचा, एक थर द्यायचा, दगडाने घोटायचा. मग पुन्हा थर, पुन्हा घोटणे. शाल्मली परदेशात चिकटद्रव्यांचा अभ्यास करून नुकतीच परतली होती. खळीऐवजी नवे द्रव्य वापरले तर शाई एकाच थरात बसेल, कारागिरांचे खांदे वाचतील, या ध्यासाने. तिची कृती उद्या शाई बनवणाऱ्या कारखान्याला जायची होती. चाचांचा होकार तेवढा उरला होता.

“किती करून पाहिल्यास?”

“अकराशे बावन्न.”

मागे चामडे ताणत बसलेला त्यांचा पुतण्या यासीन हसला. “आमच्या चाचांनी पन्नास वर्षांत एकच कृती केली. तीपण त्यांच्या अब्बांची.”

“बारा दिवसांत केल्या,” शाल्मली म्हणाली. “यंत्रच करतं सगळं. एका पाटीवर शहाण्णव खळगे, प्रत्येकात वेगळं मिश्रण. यंत्र भरतं, वाळवतं, कॅमेऱ्याने तपासतं.”

“काय तपासतं?”

“तडे. तडा दिसला की बाद.”

“अन् उरल्या किती?”

“ही एक.”

“मेहनती आहे तुझं यंत्र.”

ते थट्टा करत होते की नाही, तिला कळले नाही.

चाचांनी तबला मांडीशी घेतला. बोट मारले.

ठप्प.

पुन्हा मारले. लाकडी फळीवर मारावे तसे.

“सुरात नसेल,” शाल्मली घाईने म्हणाली.

चाचांनी हातोडी घेतली. पुडीच्या कडेवर हळूहळू ठोकत, मध्ये थांबून ऐकत, पूर्ण फेरी केली. बोट मारले.

ठप्प.

यासीनचा हात थांबला. या वेळी तो हसला नाही.

चाचांनी शेजारचा, स्वतः शाई भरलेला तबला ओढला. बोट नुसते टेकवून उचलले. आवाज खोलीभर पसरला, आणि विझायला बराच वेळ लागला...

“यात असं काय आहे?” शाल्मलीने विचारले.

“उजेडात धर.”

ती तबला घेऊन दारात गेली. शाईवर या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक रेघा होत्या. शेकडो. आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या.

“चाचा... ही सगळीच तडकली आहे!”

“हं.”

“वाळताना?”

“घोटताना. प्रत्येक थराला.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...”

चाचांनी मान डोलावली. पाटाखालून काळा, गुळगुळीत दगड काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिचा तबला तिच्यापुढे सरकवला.

“घोट.”

ती घोटू लागली. दगड नुसता घसरत होता. तिने जोर लावला. कपाळावर घाम आला. शाई तशीच राहिली, चकचकीत, शांत.

“चाचा, ही तडकतच नाही!”

बोलली आणि थांबली. हेच वाक्य कालपर्यंत ती सगळ्यांना अभिमानाने ऐकवत होती.

तिने दगड खाली ठेवला.

“त्या बाद केलेल्या फेकल्यास?” चाचांनी विचारले.

“नाही. पाट्या कपाटात आहेत. नोंद म्हणून.”

“उद्या घेऊन ये.”

“उद्या तर कारखान्याला...”

चाचांनी तिच्या तबल्यावर पुन्हा बोट मारले. ठप्प.

शाल्मलीने फोन काढला. कारखान्याला लिहिले, ‘कृती आत्ता पाठवत नाही.’ फोन पालथा ठेवला.

“सगळ्या आणू?”

“सगळ्या. अन् जमलं तर यंत्रालाही आण, बेटी,” चाचा म्हणाले. “बिचाऱ्याला अजून कुणी तबला ऐकवलेला नाही.”