चोविसावा मल्ल

फार फार मागे, घाटाच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं, तिथली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक लहान मुलांच्या हातून सहसा होत नाही.

त्या राज्यात दरवर्षी देवीची जत्रा भरायची आणि जत्रेत कुस्त्यांचा आखाडा. आखाड्याशेजारी एक रेवडीवाला बसायचा. रेवडीच्या प्रत्येक पुडीत तो एक चकती घालून द्यायचा. चकती लहान पुरीएवढी गोल. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले, वरून लाखेचा हात दिलेला, आणि एका बाजूला एका मल्लाचं चित्र. मल्ल एकूण चोवीस. चित्राच्या कडेला ठिपके असत; त्या मल्लाने जितक्या कुस्त्या मारल्या तितके ठिपके. मागची बाजू मात्र सगळ्या चकत्यांची एकसारखी तांबडी. हे सगळं काम एकटा एक म्हातारा चितारी करायचा, आणि तो तांबडा रंग कसा बनवायचा हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.

मुलं रेवड्या कमी खायची आणि चकत्या जास्त जमवायची. त्यांचा एक खेळ होता. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापले चोवीस मल्ल पालथे मांडायचे आणि एकेक उलटायचा. ज्याचे ठिपके जास्त त्याची कुस्ती. पण देवीच्या आखाड्यात चोवीसही मल्ल हजर झाल्याशिवाय सलामी होत नसे, म्हणून मुलांचाही नियम तोच होता. दोन्हीकडे पुरे चोवीस असल्याशिवाय डाव मांडायचा नाही. त्यामुळे डाव क्वचितच व्हायचा, आणि झाला तर बघायला आळीच्या आळी लोटायची.

त्या मुलांत दोघे जिवलग होते. दोघांनी ठरवलं होतं, एक दिवस आपले आखाडे पुरे करायचे आणि एकमेकांशी डाव मांडायचा. पण चितारी वारला, मागोमाग रेवडीवाल्याचं दुकान उठलं, मुलांना मिसरूड फुटली. एक जण लाखेच्या बांगड्या करू लागला, दुसरा मागावर बसून घोंगड्या विणू लागला. चकत्या कुठल्या कुठे गेल्या.

पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी बांगडीवाला माळ्यावर लाखेची पोती चढवत होता. तिथे त्याला एक पितळी डबा सापडला. आत अठरा चकत्या होत्या. तो तिथेच पोत्यावर बसला आणि एकेका मल्लाला नावाने हाक मारू लागला. खालून बायकोने विचारलं की वर कोण आलंय. मग तो डबा काखेत मारून विणकराच्या घरी धावत गेला. विणकराने पेटी उघडली, तळातून जुनं पागोटं काढलं आणि सोडलं. आत त्याच्याही चकत्या होत्या. दोघे म्हातारे होऊ घातलेले बाप्ये त्या दिवशी जेवायचं विसरले.

मग सुरू झाला शोध. कुणाच्या फडताळात, कुणाच्या देव्हाऱ्यामागे, कुणाच्या धान्याच्या कणगीखाली चकत्या निघू लागल्या. बांगडीवाला बांगड्या देऊन चकती घ्यायचा, विणकर घोंगडी देऊन. सुरुवातीला दोघे बरोबर जायचे. सापडलेली चकती उन्हात धरून आधी दुसऱ्याला दाखवायची, असा त्यांचा रिवाजच पडला.

पण हळूहळू बांगडीवाल्याच्या एक गोष्ट लक्षात आली. त्याला चकती मागावी लागायची आणि विणकराला लोक बोलावून द्यायचे. विणकर कुणाच्याही ओट्यावर टेकायचा, घरच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायचा, आणि उठताना त्याच्या हातात काहीतरी असायचं. बांगडीवाला तासभर घासाघीस करून एक मिळवायचा. विणकराचे बावीस झाले तेव्हा याचे वीस होते. विणकराचे तेवीस झाले तेव्हा याचे एकवीस.

मत्सर काही दार वाजवून येत नाही. आधी तो नुसता हिशेब करतो. बांगडीवाला रोज झोपून उठला की आधी विणकराचे मोजायचा आणि मग आपले. विणकराकडे एकडोळ्या मल्ल होता, आणि तो मिळणं फार अवघड. विणकर ती चकती दाखवायचा तेव्हा बांगडीवाला “वा” म्हणायचा, पण चकती हातात घ्यायचा नाही. घरी येऊन तो बायकोवर चिडायचा, भाजीत मीठ नाही म्हणायचा. भाजीत मीठ असायचं.

विणकराला आता एकच मल्ल हवा होता, बुटक्या. सगळ्यांत ठेंगणा, पण ठिपके बावीस. साऱ्या मुलखात बुटक्या कुणापाशी दिसला नव्हता.

आणि नेमका तो बांगडीवाल्याला मिळाला. नदीपल्याडच्या एका घरात एका आजीने चार बांगड्यांच्या बदल्यात चिंध्यांचं गाठोडंच त्याच्या पुढ्यात टाकलं. त्यात दोन चकत्या होत्या, आणि दोन्ही बुटक्याच. एक चकती आखाड्यात बसली, बांगडीवाल्याचे बावीस झाले. पुढच्या बाजाराला आणखी एक मिळाली, तेवीस झाले. आता त्याला हवा होता फक्त एकडोळ्या.

दुसऱ्या बुटक्याचं काय करायचं, हे तुम्ही-आम्ही लगेच सांगू. बांगडीवाल्यालाही ते कळत होतं. वाटेत त्याची पावलं विणकराच्या घराकडे वळलीही होती. पण मग त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. विणकराचे चोवीस झालेत, गाव त्याच्या ओट्यावर लोटलाय, आणि आपण तेवीस घेऊन बाजूला उभे आहोत. हे चित्र त्याला सोसवेना. त्याने विणकराला एकच बुटक्या दाखवला.

विणकराने ती चकती डोळ्यांपाशी धरून पाहिली. “काय बेणं आहे रे,” तो हसून म्हणाला. “सांभाळ त्याला. माझाबी कुठंतरी वाट बघत बसला असंल.”

त्याने दुसरी आहे का म्हणून विचारलंसुद्धा नाही. बांगडीवाल्याला याचाच जास्त राग आला.

आठ दिवस दुसरा बुटक्या त्याच्या कनवटीला होता. बसता-उठता टोचायचा. बायको बघेल, विणकर बघेल, असं सारखं वाटायचं. शेवटी एका दुपारी, बायको पाण्याला गेली असताना, लाख तापवायच्या शेगडीत त्याने ती चकती टाकली. लाख चरचरली, कापडाने पेट घेतला, बुटक्या आधी काळा झाला आणि मग राहिलाच नाही. “आता माझ्याशिवाय कुणाचा आखाडा पुरा होत नाही,” बांगडीवाला स्वतःशीच म्हणाला. बायकोने आल्यावर विचारलं की कापड जळाल्याचा वास कशाचा. तो म्हणाला, चिंधी होती.

त्याच संध्याकाळी विणकर आला. तीन दिवस तो घाटावर गेला होता. पायाला फोड आले होते आणि खांद्यावरची नवी घोंगडी नव्हती. त्याने बांगडीवाल्याचा हात ओढला, मूठ उघडायला लावली आणि तळव्यावर एक चकती ठेवली. एकडोळ्या.

“वरच्या वाडीत एका धनगराकडं होता,” विणकर म्हणाला. “माझ्यापाशी आहेच, मी दुसरा घेऊन काय करू? तू पुरा हो. बुटक्या घावला की मीबी होतो. मग डाव मांडू.”

बांगडीवाल्याच्या मागेच शेगडी होती आणि ती अजून धुमसत होती. त्याने चकती मुठीत घट्ट धरली आणि तोंड फिरवलं. विणकराला वाटलं, आनंदाने डोळे भरले असतील.

असे बांगडीवाल्याचे चोवीस पुरे झाले. त्याने दुकानात फळीवर सगळे मल्ल ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवू लागला. बायका बांगड्या भरून घेता घेता “छान आहेत हो” म्हणायच्या आणि पुन्हा मनगटाकडे बघायच्या. पाटलांनी विचारलं, याचं करायचं काय? चार दिवसांत नवलाई सरली. रोज येऊन मन लावून पाहणारा उरला एकटा विणकर. तो प्रत्येक मल्लाशी बोलायचा, जणू ते त्याचेच होते.

खरं तर बांगडीवाल्याचा मत्सर आता मिटायला हवा होता. तो उलट वाढला. विणकराला आपला हेवा कसा वाटत नाही, याचाच त्याला हेवा वाटू लागला. आपण पुरे असून रोज कुढतो आणि हा अपुरा असून सुखाने जेवतो, हे त्याला कळेना.

इकडे विणकर बुटक्याच्या शोधात गावोगाव हिंडत होता. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मागावर धूळ बसू लागली. तो रिकाम्या हाताने परतला की बांगडीवाल्याला आधी हायसं वाटायचं, आणि मग विणकराच्या भेगाळलेल्या टाचा दिसायच्या. पुढे पुढे हायसं वाटणं कमी झालं आणि टाचाच जास्त दिसू लागल्या.

तिसऱ्या वर्षी विणकर निरोप घ्यायला आला. सहा दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं, तिथे कुणापाशी तरी बुटक्या आहे असं त्याने ऐकलं होतं. ऐकलेलं खरं की खोटं, ठाऊक नव्हतं. त्याच्या गुडघ्यांत आता जोर राहिला नव्हता, हातात काठी आली होती. तो म्हणाला, हा शेवटचा फेरा, आता सापडला नाही तर पुन्हा जायचं झेपणार नाही.

त्याने उंबरा ओलांडला आणि बांगडीवाल्याला राहवेना. तो धावत गेला, विणकराला परत आणून बसवलं आणि सगळं सांगितलं. गाठोडं, दोन बुटक्या, ती दुपार, ती शेगडी. सांगताना त्याने मान वर केली नाही. मग फळीवरचा आपला बुटक्या उचलून त्याने विणकराच्या मांडीवर ठेवला. “हा तुझा,” तो म्हणाला. “तू पुरा हो.”

विणकराने चकती उलटून तिची तांबडी पाठ पाहिली. त्याने विचारलं, “मग तू?”

“मी नवी रंगवून घेईन. तालुक्याच्या गावी चितारी आहे.”

“पालथी मांडली की पाठ वेगळी दिसंल. बुटक्या कुठं बसलाय ते आधीच कळंल. त्यात कसला डाव?”

ते खरं होतं. तो तांबडा रंग चिताऱ्याबरोबरच गेला होता.

विणकराने बुटक्या उचलून परत फळीवर, त्याच्या जागी ठेवला. “मी घेतला तर तू अपुरा,” तो म्हणाला. “तू ठेवलास तर मी अपुरा. अरे, माझा मल्ल जाळलास त्याचं मला इतकं नाही. आपला डाव जाळलास.”

तो रागावला नाही, भांडला नाही. सहा दिवसांची वाट सोडून काठी टेकत घरी गेला, मागावरची धूळ झटकली आणि घोंगडी विणायला बसला. पुढेही दोघांचं बोलणं राहिलं. सणाला एकमेकांकडे जेवायला जायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे. पण चकत्यांचा विषय विणकराने पुन्हा काढला नाही, आणि त्यांना बघायला तो दुकानाच्या पायरीवर कधी चढला नाही.

बांगडीवाला मात्र रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानात चटई पसरायचा. आपले चोवीस मल्ल पालथे मांडायचा. सगळे हजर, एकही कमी नाही, पाठी एकसारख्या तांबड्या. समोरची अर्धी चटई रिकामी असायची. तो थोडा वेळ तिच्याकडे बघायचा, आणि एकही चकती न उलटता सगळ्या गोळा करून डब्यात ठेवून द्यायचा.

तात्पर्य: दुसऱ्याला अपुरं ठेवून जो पुरा होतो, त्याच्या वाट्याला एकटेपणच येतं.